दम मोजणारा कोट

कपडे निवडणं हे बायलांचं काम, असं बाबल तांडेल माझ्याच दुकानात उभा राहून म्हणाला, तेव्हा मी हातातली लोखंडी पट्टी त्याच्या पायावर टाकली. चुकून पडली असं तोंडानं म्हटलं, पण टाकली मुद्दाम. तो एका पायावर नाचत शिव्या द्यायला लागला आणि मी त्याच्या छातीचं माप घेतलं.

मी मयूरी तारी. देवगड बंदरावर माझं दुकान. दर्यावर जाणाऱ्या माणसांचे पाणी न लागणारे कपडे मी विकते, दुरुस्त करते आणि मुख्य म्हणजे निवडून देते. डिझेलची जहाजं बंद झाल्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून काजू, कोकम, सुकी मासळी, सगळं शिडाच्या जहाजांवरून मस्कतपर्यंत जातं. शिडं यंत्रानं ओढली जातात म्हणून चार माणसं पुरतात. पण लाट काही यंत्राला विचारून अंगावर येत नाही. तिथे माणूस आणि दर्या यांच्यामध्ये एक कोट असतो, बस.

आणि लोकांना वाटतं कोट म्हणजे कोट! अरे, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येणाऱ्याचा कोट वेगळा, नऊ दिवस किनारा न दिसणाऱ्याचा वेगळा. किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचं तर कमरेपर्यंतचा हलका कोट बास. भिजलात तर भिजलात, घरी जाऊन सुकवाल. खोल दर्यावर जायचं तर तीन थरांचं कापड, गालांपर्यंत येणारी उभी कॉलर, मनगटाला आत रबराची एक पट्टी आणि बाहेर दुसरी, छातीपर्यंत चढणारी पट्ट्यांची विजार, बुडावर आणि गुडघ्यांवर दुहेरी कापड, आणि टोपी अशा भडक रंगाची की लाटेत डोकं दिसलं पाहिजे. माप घ्यायचं तेही आत लोकरीचा सदरा घालून. सुती बनियन घालून कुणी आला तर मी त्याला दुकानाबाहेर काढते, मग तो सरपंच असला तरी.

आमच्याकडे खरी पंचाईत थंडीची नाहीच, घामाची आहे. आपला दर्या कोमट. रबरी कोट घालून दोन तास दोर ओढा, आतल्या आत शिजून निघाल. म्हणून ते श्वास घेणारं कापड आलं. त्यातल्या पातळ पडद्याला अशी बारीक भोकं असतात की पाण्याचा थेंब त्यांच्यापुढे हजारो पटींनी मोठा, आणि घामाची वाफ मात्र सहज बाहेर पडते. पाणी आत येत नाही, वाफ आत राहत नाही. पण बाहेरून कापड चिंब झालं की ती वाफही कोंडते, हे जुनं दुखणं होतं.

त्या वर्षी कंपनीनं त्यावर तोड काढली. भोकं उघडतील-मिटतील असा पडदा. त्याला लागणारी वीज माणसाच्या घामातूनच, घामातल्या क्षारांतून आणि दमल्यावर घामात उतरणाऱ्या आम्लातून. घाम वाढला की भोकं उघडतात, लाट आली की मिटतात. मी स्वतः तो कोट घालून भर दुपारी तीन तास वल्हवलं आणि आतला सदरा कोरडा होता. देवाशपथ सांगते, मला रडू आलं. माझा बाप असल्याच उकाड्यात, रबरी कोटात चक्कर येऊन दर्यात पडला होता.

पण जे कापड घाम चाखतं ते घामावरून माणूसही ओळखतं. अंगाचा ताप किती, नाडी किती, क्षार किती उरले, या सगळ्यावरून तो कोट एक आकडा काढायचा. हा माणूस आत्ता पाण्यात पडला तर किती मिनिटं टिकेल? कंपनीनं त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. बंदरावर सगळे त्याला 'दम' म्हणायला लागले. सुकाणूजवळच्या पडद्यावर चौघांची नावं आणि नावापुढे दम. त्याबरोबर नियमही आला: दोन माणसं पाण्यात असतील तर ज्याचा दम उरलाय त्याच्याकडे आधी जायचं. शून्य म्हणजे माणूस संपला, त्याच्यासाठी जहाज वळवायचं नाही.

मी तो कोट निवडला. 'श्री रवळनाथ' जहाजाच्या चौघांसाठी, मीच. आमच्या बंदराची रीत अशी की नवं कापड ज्यानं निवडलं त्यानं पहिल्या खेपेला सोबत जायचं. म्हणजे दुकानदार तोंडाला येईल ते विकत नाही. तेव्हा चौथी मी. बाकी जहाजाचा कप्तान म्हणजे तांडेल बाबल कुबल, त्याचा मुलगा विराज आणि माझा नवरा दिगंबर. दिगू.

निघण्याआधी चौघांचे कोट मी धक्क्यावर तपासले. आग विझवायचा पाण्याचा पाइप प्रत्येकाच्या तोंडावर सोडला आणि मग एकेकाला ढकलून दिलं पाण्यात. विराज ओरडत पडला, "काकी, निदान सांगायचं तरी!"

"लाट सांगून येतली काय तुका?" मी म्हटलं.

छातीवरची हवेची पिशवी पाण्यात पडताक्षणी फुगते की नाही ते बघायचं होतं. चारही फुगल्या. मग मी तिघांना उभं करून बजावलं. साबण नाही, नुसतं गोडं पाणी. आणि तेल नाही! तेलाचा थेंब लागला तर घाम पडद्यापर्यंत पोचायचा नाही, कोट आंधळा होईल. ज्याच्या कोटाला तेलाचा वास येईल त्याला मी धक्क्यावर ठेवून जाईन, मग तो माझा नवरा असला तरी.

हे मी का बजावलं ते सांगते. आमच्यात नव्या कापडाला तेल पाजतात. मोरी माशाच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल. होडीच्या लाकडाला पाजतात, शिडाला पाजतात, आजोबांच्या काळात मेणकापडाच्या कोटांनाही पाजायचे. पहिल्या खेपेच्या आदल्या दिवशी घरातल्या माणसानं हातानं चोळायचं. त्याशिवाय दर्या कापडाला आपलं म्हणत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, देवगडची खाडी मागे पडत असताना, मला दिगूच्या कोटाला तो वास आला.

मी त्याच्याकडे पाहिलं. बावन्न वर्षांचा माणूस, शाळेत चोरी पकडल्यासारखा खाली बघत राहिला. "आवशीन सांगितल्यान होता मरताना," तो हळूच म्हणाला. "नव्या कापडाक तेलाशिवाय सोडू नको म्हणून. थोडासाच लावलंय, मयू."

मी बोलायला हवं होतं. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. पण मीच धमकी दिली होती ना! मीच कापड निवडलेलं, मीच तिघांना दम दिलेला, आणि माझ्याच घरातला माणूस नेमका तेल चोळून आलेला. बाबल दात काढून हसला असता. मला लाज वाटली. बाकी काही नाही, लाज. मी तोंड मिटलं आणि कोपऱ्यातल्या दोऱ्या आवरायला गेले.

पडद्यावर दम उमटला. विराज ३४०. बाबल २८०. मी २६०. दिगू ४५.

"काका, तुम्ही जिवंत आहात ना?" विराजनं विचारलं. सगळे हसले. दिगूही हसला.

खेपेच्या दुसऱ्या दिवशी दिगू ४१. आता बाबलनं कामं दमावर वाटायला सुरुवात केली, कंपनीचा तसा नियमच होता. कमी दमाच्या माणसाला पुढच्या टोकाला पाठवायचं नाही, दोर द्यायचा नाही. म्हणजे ज्या माणसानं तीस वर्षं शिडं ओढली, त्याला बाबलनं तांदूळ निवडायला बसवलं. विराज जाता-येता त्याच्यासमोर थांबायचा. "काका, पाणी देऊ? काका, उठू नका हां, दम जाईल." पोरगा वाईट नव्हता. बावीस वर्षांचं वय, हातात आकडा मिळाला होता.

पूर्वी दर्यावर दमलेला माणूस दमला हे लपवू शकायचा. जरा पाठ करून उभा राहायचा, दोन श्वास घ्यायचा, परत हात घालायचा. बाकीचे कळूनही गप्प बसायचे. ती माणुसकी त्या पडद्यानं खाल्ली.

मी दिगूला एकटा गाठून म्हटलं, "कोट काढून ठेव. सांग बिघडला म्हणून."

"कोट काढलंय तर नियमाप्रमाणे आत बसूक व्हया. उद्या पुरा जहाज म्हणतला, दिगू खोलीत लपलो." त्यानं माझा हात झटकला. जोरात झटकला. "माका घाम येता, मयू. मी दमलंय काय नाय ता माका कळता. तू तरी त्यांका सांग."

मी सांगितलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आणि जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं. आता सांगावं तर इतके दिवस का नाही सांगितलं, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं.

सातव्या दिवशी वादळाची शेपटी लागली. हल्ली अरबी समुद्रात वादळाला ठरावीक महिना उरलेला नाही. दुपारी तीनला वारा एवढा वाढला की बोललेलं ऐकू येईना. पुढच्या शिडाचा यंत्राचा दोर अडकला. हातानं सोडवायला कुणीतरी जायला हवं होतं आणि दिगूला त्यातलं सगळ्यात जास्त कळत होतं. तो उठला.

"बस खाली!" बाबल ओरडला. "अडतीस! अडतीस दम तुझो!"

दिगू बसला नाही. तो पुढे गेला, कमरेला दोर कापायची सुरी, गुडघ्यांवर रांगत, आणि विराज त्याच्या मागे गेला. त्याला ओढून आणायला. मी दोन्ही हातांनी खांब धरून बघत होते. विराजनं त्याची कॉलर मागून धरली आणि त्याला उताणा पाडलं. वर काहीतरी बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण दिगूनं बाजूचा दोर गुंडाळायच्या विंचचा दांडा उपसला आणि विराजच्या जबड्यावर हाणला.

तो आवाज मात्र वाऱ्यातही आला.

विराजच्या तोंडातून रक्त आलं. तो एक दात थुंकला आणि दिगूवर तुटून पडला. दोघांनी स्वतःला जहाजाशी बांधून ठेवायच्या दोऱ्या सोडलेल्या, शिडाचा दोर मोकळा करायला त्या सोडाव्याच लागतात. विराज त्याच्या छातीवर बसून बुक्क्या मारत होता, नाकावर, डोळ्यांवर, थांबतच नव्हता. दिगूनं त्याचा कान दातांत धरला. मी घसा फोडून ओरडत होते. बाबल सुकाणू सोडू शकत नव्हता, तोही ओरडत होता. तेवढ्यात लाटेनं जहाजाचं तोंड फिरलं, शिडाचा आडवा दांडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सणसणत आला, आणि दोघांना एकदम उचलून दर्यात फेकलं.

चार वाजून दहा मिनिटं. पडद्यावर वेळ होती म्हणून सांगते.

पाण्यात पडताच दोन ठिपके उमटले. विराज, दम २१०. दिगू, दम ३८. मग १९. मग ६. चार बाराला शून्य झाला आणि नाव लाल झालं.

बाबलनं सुकाणू विराजच्या बाजूला वळवायला घेतलं. दोघे वेगवेगळ्या दिशांना वाहून गेले होते, मध्ये निदान दोनशे हात पाणी. त्या वाऱ्यात जहाज एकदाच वळवता येणार होतं.

"बाबल, दिगू जिवंत आसा!" मी त्याच्या दंडाला लटकले. "कोटाक तेल आसा! मोरीचा तेल! कोट आंधळो झालोहा. पहिल्या दिवसापासून त्याचो आकडो खोटो!"

त्यानं एक क्षण माझ्याकडे पाहिलं. "मग सात दिवस कित्याक नाय बोललंस?"

मी त्याचा दंड सोडला नाही.

"खोटा बोलतंस तू. घोवासाठी बोलतंस. तो गेलो, वैनी. माझो झील जितो आसा."

आता मी काय केलं ते स्पष्टच सांगते. बाजूला पाण्यातून माणूस ओढायची लांब काठी होती, टोकाला पितळी आकडी. मी ती उचलली आणि बाबलच्या उजव्या हातावर मारली. कोपराच्या खाली. हाड मोडल्याचं मला काठीतून कळलं. तो किंचाळला, पण दुसऱ्या हातानं माझे केस धरले आणि माझं डोकं सुकाणूच्या लाकडावर आपटलं. एकदा, दोनदा. डोळ्यांपुढे अंधार आला. मी त्याच्या मोडलेल्या हाताला लाथ घातली. तो कोसळला. मी सुकाणू धरलं आणि जहाज दिगूच्या ठिपक्याकडे वळवलं.

एवढ्या मारामारीत सहा मिनिटं गेली होती. ती सहा मिनिटं कुणाची गेली, याचा हिशेब मी अजून करते आहे.

मग मला दिसलं की दिगूचा ठिपका सरकतोय. वाऱ्याबरोबर नाही, वाऱ्याच्या उलट. विराजच्या दिशेनं.

"बघ!" मी बाबलला लाथेनंच उठवलं. "बघ, मेलेलो माणूस पोहता काय? बघ मेल्या! माझो घोव तुझ्या झिलाक वाचवूक चाललोहा!"

बाबल रडायला लागला. खरंच, तो मोठा गडी ओक्साबोक्शी रडला. माझे पाय धरायला लागला, "वैनी, माका माफ कर, दिगूचे उपकार..." आणि मीही रडत होते. मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. लग्नात नाही, कधीच नाही. तसल्या दर्यात, तोंड फुटलेला, बावन्न वर्षांचा माणूस दोनशे हात पोहत होता, ज्यानं त्याला मारलं त्यालाच धरायला.

ठिपके एकमेकांना लागले.

विराजचा दम १६० होता. तो १४० व्हायला हवा होता, हळूहळू. तो एकदम ७० झाला. मग ४०.

"असा कसा?" बाबल म्हणाला. "असा कसा उतरता?"

मला कळलं. बाबलच्या आधी कळलं. मी सुकाणू त्याच्या डाव्या हातात दिलं आणि आकडीची काठी घेऊन कडेला धावले.

दिगूची हवेची पिशवी फुगलेली होती, तो छातीपर्यंत पाण्यावर होता. विराजची पिशवी फाटलेली होती, सरळ रेषेत, सुरीनं. दिगूनं डाव्या हाताचा विळखा विराजच्या गळ्याला घातला होता आणि उजव्या हातानं त्याचं डोकं पाण्याखाली दाबत होता. पोरगं हात मारत होतं, पण फार नाही. माझ्या निवडीची ती भडक टोपी पाण्याखाली दिसत होती, पुन्हा दिसत होती. लाटेवर सगळं वर आलं, खाली गेलं. जहाज त्यांच्यापासून काठीभर अंतरावर आलं होतं.

"दिगू! सोड त्याका!"

त्यानं वर पाहिलं. एक डोळा सुजून बंद झालेला, नाक मोडलेलं. आणि तो हसत होता, हो, हसत होता. त्यानं मला स्पष्ट ओळखलं.

"मयू," तो म्हणाला. "बघ माझो दम!"

मी काठी त्याच्या हातावर मारली. त्यानं सोडलं नाही. पुन्हा मारली, बोटांवर. त्यानं सोडलं नाही. तिसऱ्यांदा मारली तेव्हा त्याची दोन बोटं वाकडी झाली, तरी त्यानं सोडलं नाही. मागून बाबल आकडे ओरडून सांगत होता. अकरा! वैनी, सात! वैनी, माझो झील! वैनी!

मग मी काठी उलटी धरली, पितळेचं टोक वर घेतलं, आणि माझ्या नवऱ्याच्या डोक्यात घातली. सगळी ताकद लावून. अर्धवट मारून चालणार नव्हतं, परत उचलायला वेळ नव्हता.

त्याचे हात सुटले.

विराजला आम्ही ओढून घेतलं. मी त्याच्या छातीवर दाबत राहिले, तोंडात हवा भरत राहिले, त्याच्या फुटलेल्या जबड्याचं रक्त माझ्या तोंडात. त्यानं पाणी ओकलं आणि श्वास घेतला. दिगू पाण्यावर उताणा तरंगत होता, पिशवीनं त्याला बुडू दिलं नाही. त्यालाही वर घेतलं. चार पंचवीस झाले होते. पडद्यावर त्याच्या नावापुढे शून्य होतं, तेरा मिनिटांपूर्वीपासून जसं होतं तसंच.

मस्कत आणखी चार दिवस लांब होतं आणि उकाडा भयंकर. तिसऱ्या दिवशी बाबलनं एका हातानं त्याला शिडाच्या कापडात गुंडाळलं आणि दर्याला दिलं. मी नको म्हटलं नाही.

परतल्यावर बंदरावर चौकशी झाली. चौकशी करणाऱ्या पेडणेकरबाई, चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. बाबल आणि विराजनं आधीच जबाब दिले होते. शिडाच्या दांड्याचा फटका दिगूच्या डोक्याला बसला, तो पाण्यात पडला, दोन मिनिटांत गेला. कोटाची नोंद तेच सांगत होती; नोंदीत दम आणि वेळ राहते, ठिपका कुठे सरकला ते राहत नाही. विराजची पिशवी कशी फाटली? खिळ्याला लागून. बाबलचा हात? घसरून पडला.

आत जायच्या आधी बाबल दारात उभा होता, हात गळ्यात बांधलेला. "गप रव, वैनी," तो कुजबुजला. "झाला ता झाला. माझो झील तुझ्यामुळे वाचलो, मी आयुष्यभर तुझो ऋणी. पण कुणाक सांगू नको. दिगूचा नाव खराब होतला. तुका तुरुंग. कशाक?" तो मनापासून बोलत होता. विराज भिंतीला टेकून उभा होता, त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

पेडणेकरबाईंनी माझा जबाब ऐकला. सगळा, तेलापासून काठीपर्यंत. मग त्यांनी समोरचा कागद माझ्याकडे फिरवला.

"ताई," त्या म्हणाल्या, "नोंदीप्रमाणे तुमचे यजमान चार बाराला गेले. असल्या यंत्राची नोंद कायद्यानं पुरावा धरतात, दोन वर्षं झाली तसा निकाल होऊन. तुम्ही चार पंचविसाला काठी मारलीत म्हणता. म्हणजे तुम्ही प्रेताला मारलंत. प्रेताला मारल्याबद्दल मी कुणावर खून लावू शकत नाही. तुम्ही धक्क्यात आहात. घरी जा."

"बाई, त्या कोटात बिघाड आणि मरण यांना एकच खूण आहे. शून्य. कंपनीनं दोन्हींसाठी तेच ठेवलंय."

"ते तुम्ही म्हणताय. बाकी दोन साक्षीदार तसं म्हणत नाहीत." त्या जरा पुढे वाकल्या. "का हट्ट करताय? तुम्ही सुटताय. ते पण सुटतायत. तुमचं म्हणणं लिहिलं, तर तो माणूस एका पोराला मारायला निघाला होता हे मला लिहावं लागेल. तुम्हाला ते हवंय?"

मी विचार केला नाही असं नाही. घरी जायचं होतं मला. दुकान उघडायचं होतं, लोकांना शिव्या द्यायच्या होत्या. सही केली असती तर संपलं असतं. आणि दिगूच्या नावापुढे कायमचं राहिलं असतं की पाण्यात पडला आणि दोन मिनिटांत गेला. अडतीस दमाचा माणूस, तांदूळ निवडणारा, विराज म्हणत होता तसाच. सात दिवस त्याला जे खोटं सगळ्यांनी ऐकवलं आणि जे मी ऐकवू दिलं, ते सरकारी शिक्क्यानं खरं झालं असतं.

"तो मारायला निघाला होता, हे लिहा," मी म्हटलं. "मोडक्या नाकानं वादळात दोनशे हात पोहला, हेही लिहा. माझ्याशी बोलला ते लिहा. बोटं मोडली तरी त्यानं हात सोडला नाही, ते लिहा. तेल लावल्याचं मला ठाऊक होतं आणि मी लाजेपोटी बोलले नाही, ते सगळ्यात वर लिहा."

"ताई, तुरुंगात जाल."

"जाईन. पण माझा नवरा चार बाराला मेला नाही, बाई. तो चार पंचविसाला मेला, माझ्या हातानं मेला. मधली तेरा मिनिटं तो जिवंत होता. ती त्याची आहेत. ती मी तुम्हाला खोडू देणार नाही."